मॅक्रो लेन्स घ्यायचीय? आधी फुलापासून किती लांब बसणार ते ठरवा

ऑगस्ट संपत आला, यवतेश्वरच्या घाटात धुकं उतरायला लागलं आणि कासच्या फुलांचे पहिले फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागले की मला दरवर्षी एकच फोन येतो, फक्त माणसं बदलतात. यंदा भाच्याचा आला. "मामा, मॅक्रो लेन्स घ्यायचीय, साठची घेऊ का शंभरची, आणि ते वन इज टू वन का काय ते असतं ते पाहिजेच का, आणि दुकानवाला म्हणतोय की ही झूम पण मॅक्रोच आहे, खरंय का?" एका दमात तीन प्रश्न. त्याला फोनवर अर्धा तास सांगितलं, मग वाटलं दरवर्षी तेच तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं.

मी काही मोठा फोटोग्राफर नाही. साताऱ्यात राहतो, पावसाळ्यात पठारावर जातो, गुडघे चिखलात घालून पंधरा वर्षं फुलं आणि किडे काढतोय. त्यातून जे कळलं ते सांगतो, गणित लागेल तिथं थोडं गणित पण आहे, घाबरू नका, पाचवीचंच आहे.

मॅक्रो म्हणजे नक्की काय

कणीक मळलीय, त्यावर दहाचं नाणं दाबलं. ठसा केवढा उठेल? नाण्याएवढाच. आता कणकेच्या जागी कॅमेऱ्यातला सेन्सर धरा, म्हणजे जिथं फोटो उमटतो ती चिप. लेन्सनं त्या चिपवर नाण्याचा ठसा नाण्याएवढाच उमटवला तर त्याला म्हणायचं वन इज टू वन, म्हणजे एकास एक, लिहिताना १:१. ठसा अर्धा उमटला तर १:२, पाव उमटला तर १:४. ह्यालाच मॅग्निफिकेशन म्हणतात, मी पुढं नुसतं "पट" म्हणेन. खरी मॅक्रो लेन्स म्हणजे जी १:१ पर्यंत जाते ती, एवढीच साधी व्याख्या लक्षात ठेवा.

फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलीमीटर असतो. दहाच्या नाण्याचा व्यास २७. म्हणजे १:१ ला गेलात की नाणं आडवं बसेल पण वरून खालून कापलं जाईल. आपल्यापैकी बहुतेकांकडं असतो तो छोट्या सेन्सरचा कॅमेरा, एपीएस-सी म्हणतात, त्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, त्यात तर नाणं आडवंही मावणार नाही. एवढं जवळचं असतं १:१. साधी किट लेन्स बहुतेक करून १:३ ते १:४ च्या आसपास थांबते आणि मग लेन्स नुसती गुरगुरत पुढं मागं फिरते, फोकस काही होत नाही.

ता.क. सारखं एक इथंच सांगून टाकतो, निकॉनवाले त्यांच्या लेन्सवर मॅक्रो न लिहिता मायक्रो लिहितात. १९५६ साली त्यांनी पहिली मायक्रो लेन्स काढली ती फुलांसाठी नव्हतीच, जपानी लिपीतली बारीक अक्षरांची कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवायला होती, ते नाव तसंच चिकटलं. दुकानात "निकॉनची मॅक्रो नाहीच" असं ऐकून परत आलेले लोक मी पाहिलेत.

"पण माझ्या झूमवर मॅक्रो लिहिलंय की"

लिहिलेलं असतं, खरंय. ७०-३०० छापाच्या बऱ्याच झूमवर ते असतं, आणि त्यातल्या चांगल्या १:२ पर्यंत जातात, बाकीच्या १:४ च्या आसपास. कंपनीला मॅक्रो हा शब्द वापरायला कोणी अडवत नाही. त्यामुळं दुकानात शब्द बघू नका, आकडा बघा, खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात मॅक्सिमम मॅग्निफिकेशन म्हणून दिलेला असतो. १.० म्हणजे खरी, ०.५ म्हणजे अर्धी, ०.२५ म्हणजे नुसतं नाव.

पण थांबा, १:२ ची लेन्स म्हणजे फसवणूक असं पण समजू नका. भाच्याला मी उलटा प्रश्न विचारला, तू काढणार काय आहेस? आपल्या पठारावरचं मिकी माऊसचं फूल, म्हणजे कवला, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचं. सीतेची आसवं तसंच, इवलंसं. फुल फ्रेमवर १:२ ला चौकटीत ७२ बाय ४८ मिलीमीटर एवढी जागा येते. त्यात फूल, देठ, शेजारचं दुसरं फूल आणि थोडं धुकं असा सगळा संसार येतो, आणि फोटो तोच चांगला दिसतो. १:१ ला गेलात की फूल चौकटीत नुसतं एकटं उभं राहतं, पासपोर्ट फोटोसारखं.

फुलपाखराचं तर बोलूच नका. नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ ला जाहीर झालं, त्याचे पंख पसरले की १२ ते १५ सेंटीमीटर होतात. ते पूर्ण यायला फुल फ्रेमवर १:५ सुद्धा पुरतं. १:१ ला त्याच्या पंखाचा एक तुकडा येईल, म्हणजे साडी नेसलेल्या बाईचा फोटो काढायचा आणि त्यात नुसता पदराचा काठ.

१:१ खरंच कधी लागतं? दवबिंदू नावाच्या किडेखाऊ रोपाच्या पानावरचे चिकट थेंब काढायचे असतील, त्यात अडकलेलं चिलट काढायचं असेल, उडी मारणाऱ्या कोळ्याचे डोळे काढायचे असतील तेव्हा. असा कोळी पाच-सात मिलीमीटरचा असतो, १:१ ला पण चौकटीचा पाचवा भाग भरतो. तिथं खरं तर २:१ पाहिजे, म्हणजे ठसा मूळ वस्तूच्या दुप्पट. लाओवा कंपनीच्या काही लेन्स तिथपर्यंत जातात, कॅननची नवी आरएफ १०० ही १.४ पटीपर्यंत जाते, आणि कॅननचीच जुनी एमपी-ई ६५ तर एक ते पाच पट, पण ती कमी पटीला येतच नाही, तिनं फुलांचा ताटवा काढता येत नाही, दूरचं काही काढता येत नाही. तिचा नाद करणारे वेगळे लोक असतात, त्यांना माझ्या लेखाची गरज नाही.

साठ, नव्वद, शंभर, एकशेऐंशी: हा आकडा कशाचा

आता मुद्द्याचं. हा आकडा लेन्सच्या फोकल लेंग्थचा, मिलीमीटरमध्ये. ६० ची लेन्स पण १:१, १०० ची पण १:१, १८० ची पण १:१. मग लोक तिप्पट पैसे घालून मोठी का घेतात? फोटोत फूल तेवढंच मोठं दिसणार आहे. फरक आहे तो तुम्ही फुलापासून किती लांब बसणार ह्यात. बास. मॅक्रो लेन्स निवडायची म्हणजे अंतर निवडायचं, बाकीचं सगळं नंतर.

ह्या अंतराला वर्किंग डिस्टन्स म्हणतात, म्हणजे लेन्सच्या तोंडापासून फुलापर्यंतची मोकळी जागा. आणि इथंच लोक गंडतात, कारण लेन्सवर छापलेला आकडा हा नसतो. छापलेलं असतं ते सेन्सरपासूनचं अंतर. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर डोळ्यासमोर आणा. अंतर मोजायचं मागच्या ट्रॉलीच्या टोकापासून, आणि धडकणार पुढचं बोनेट. तसंच आहे हे. कॅननच्या ईएफ १०० एल लेन्सवर ३० सेंटीमीटर लिहिलंय, त्यातून कॅमेऱ्याची जाडी वजा, लेन्सची लांबी वजा, हातात उरतात १३-१४. निकॉनच्या ४० मायक्रोवर १६.३ लिहिलंय, सगळं वजा जाऊन उरतात जेमतेम तीन-चार सेंटीमीटर. लेन्सचं तोंड फुलाला जवळजवळ टेकतंच. कॅननची ६० ची घेतलीत तर नऊ-दहा, आणि १८० ची घेतलीत तर २४ च्या आसपास. वर हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची छत्री, लावलात की त्यातून ते पण गेलं.

तीन-चार सेंटीमीटरमध्ये काय होतं ते मी केलंय म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, लेन्सची सावली फुलावर पडते, सकाळचं सुंदर ऊन आणि फूल अंधारात. दुसरी, किडा असेल तर तो तुमची वाट बघत बसत नाही. तिसरी, श्वासानं फूल हलतं, आणि पावसाळ्यात तर श्वासाची वाफ लेन्सवर बसते. चौथी, आणि कासला हीच सगळ्यात महत्त्वाची, एवढं जवळ जायला तुम्हाला वाटेवरून उतरून पठारावर पाय टाकावा लागतो.

कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पश्चिम घाटाचा भाग म्हणून. तिथं जांभ्या दगडावर मातीचा थर बोटाएवढा, काही ठिकाणी तेवढाही नाही, त्यात ती फुलं. एका फुलाचा फोटो काढायला माणूस पालथा झोपतो आणि उठतो तेव्हा खाली शंभर रोपं चिरडलेली असतात, गेंदाची बोंडं तर दिसतही नाहीत कुठं गेली. मी स्वतः सुरुवातीला हे केलंय, लाज वाटते आता. वाटेच्या कडेला उकिडवं बसून हात न लांबवता फोटो यायचा असेल तर ९०-१०० च्या खालची लेन्स आपल्या पठारांसाठी नकोच, असं माझं सरळ मत आहे. साठची लेन्स घरात, टेबलावर, दागिने, नाणी, पेढ्याच्या दुकानाच्या जाहिरातीचे फोटो, ह्याला उत्तम. हलकी, स्वस्त, आणि अंगठी काही उडून जात नाही.

१०० मध्ये आणखी एक फायदा आहे जो फोटोत लगेच दिसतो. लांब लेन्स मागचा भाग कमी पकडते. ५० च्या लेन्सनं फूल काढलं तर मागं दुसऱ्या पर्यटकाची लाल छत्री, पार्किंगची गाडी, सगळं येतं. त्याच आकाराचं फूल १०० नं काढलं की मागचा पट्टा निम्म्यावर येतो, एखादं पाऊल डावीकडं सरकलं की छत्री गायब आणि मागं नुसतं हिरवं धुकं. १८० नं तर आणखीच, पण ती किलोभराची लेन्स घेऊन घाट चढायचा, तिला स्टँड लावायचा, आणि वाऱ्यात ती हलताना बघायची, मला नाही झेपलं.

"पण छोट्या लेन्सनं जास्त भाग शार्प येतो म्हणतात"

हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त करून दाखवतो. शार्प येणाऱ्या पट्ट्याच्या जाडीला डेप्थ म्हणतात. लांबच्या निसर्गदृश्यात छोट्या लेन्सनं डेप्थ जास्त दिसते हे खरं. पण जवळच्या फोटोत, फूल चौकटीत तेवढंच मोठं ठेवलं आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक (त्याचाच आकडा एफ २.८, एफ ८ असा लिहितात), तेच ठेवलं, तर ६० असो का १०० असो डेप्थ जवळजवळ सारखीच येते. छोट्या लेन्सनं जास्त वाटते कारण लोक तिनं तेवढं जवळ गेलेलेच नसतात.

आणि ती डेप्थ किती? फुल फ्रेमवर १:१ ला एफ २.८ ठेवलंत तर साधारण एक तृतीयांश मिलीमीटर. एफ ८ ला एक मिलीमीटरच्या जवळपास, म्हणजे एटीएम कार्डापेक्षा किंचित जाड. मुंगीचा एक डोळा शार्प आणि दुसरा धुकट, इतकी पातळ. हेच १:२ ला आलात की एफ ८ ला जवळपास तीन मिलीमीटर, आणि १:४ ला साडेनऊ. पट कमी केला की डेप्थ भराभर वाढते, म्हणून पण मी म्हणतो १:१ च्या मागं धावू नका. थोडं मागं या आणि नंतर फोटो कापून घ्या.

दुसरी युक्ती फुकटची आहे. कॅमेरा फुलपाखराच्या पंखाला समांतर धरा. एटीएम कार्ड आडवं ठेवलं तरी त्यावरचं सगळं नाव वाचता येतं, तसा सगळा पंख त्या पातळ पट्ट्यात बसतो.

"मग एफ ३२ करून टाकू की"

करा आणि बघा, सगळं शार्प येईल आणि काहीच शार्प येणार नाही. अॅपर्चरचा आकडा वाढला की भोक लहान. भोक फार बारीक झालं की उजेड त्याच्या कडांवरून पसरायला लागतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो, ह्याला डिफ्रॅक्शन म्हणतात.

मॅक्रोत हे लवकर होतं, आणि त्याचं कारण बॅटरीच्या उजेडात कळेल. भिंतीजवळ बॅटरी धरा, गोल छोटा आणि लख्ख. बॅटरी मागं न्या, गोल मोठा झाला पण मंद पडला. जवळ फोकस करताना भिंगं सेन्सरपासून लांब सरकतात, ठसा मोठा होतो आणि तेवढाच मंद. १:१ ला सेन्सरला चौथा भाग उजेड मिळतो, म्हणजे लिहिलेलं एफ ८ असलं तरी वागतं एफ १६ सारखं, आणि लिहिलेलं १६ असेल तर ३२ सारखं. निकॉनचे कॅमेरे हे खरं खरं दाखवतात, त्यामुळं १०५ ची लेन्स पूर्ण जवळ नेली की स्क्रीनवर २.८ च्या ऐवजी ४.८ दिसायला लागतं आणि माणूस घाबरून दुकानात जातो की लेन्स बिघडली. बिघडलेली नाही. कॅनन ते दाखवत नाही एवढंच, उजेड तिथं पण कमी झालेलाच असतो.

मी १:१ च्या जवळ एफ ८ ते ११ मध्ये राहतो. जास्त डेप्थ लागली तर फोकस थोडा थोडा सरकवत दहा-पंधरा फोटो काढून कॉम्प्युटरवर एकत्र करतात, त्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात, हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यात ती सोय आतच असते. घरात मस्त चालतं. पठारावर वाऱ्यात फूल दहा फोटोत दहा जागी असतं, आपलं हसं होतं.

वारा, थरथर आणि स्टॅबिलायझर

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या उगाच नाहीत. जो वारा वीज बनवायला चांगला तो मॅक्रोला वैरी. लोक विचारतात स्टॅबिलायझरवाली लेन्स घेऊ का, पैसे जास्त पडतात. आता स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर थांबवतो, फुलाची नाही. आणि तीही थरथर जवळच्या फोटोत पूर्ण थांबत नाही. लांबचा फोटो काढताना हात वाकडा तिकडा झुकला तर फोटो हलतो, जवळच्या फोटोत हात नुसता खाली वर, डावीकडं उजवीकडं सरकला तरी हलतो. ही सरकती थरथर पण पकडणारी यंत्रणा कॅननच्या त्या १०० एल मध्ये २००९ ला आली, तरी तीसुद्धा लांबच्या फोटोत चार स्टॉपचा फायदा देते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं) आणि १:१ ला दोनच, हे कंपनी स्वतःच सांगते.

म्हणून माझं म्हणणं, बजेट तंग असेल तर स्टॅबिलायझरचे पैसे वाचवून एक साधा फ्लॅश घ्या. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला की त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ टिकतो, तेवढ्यात ना फूल हलतं ना तुमचा हात. फक्त फ्लॅश उघडा मारू नका, पुढं बटर पेपर किंवा पांढऱ्या प्लॅस्टिकचा मोठा तुकडा लावा, नाहीतर दवाच्या थेंबावर पांढरा ठिपका बसतो. माझा डिफ्यूझर थर्माकोलच्या पत्रावळीतून कापलाय, लोक हसतात, फोटो बघितल्यावर मागतात.

बाकी सकाळी साडेसहा-सातला वारा पडलेला असतो, दव असतं आणि किडे थंडीनं गारठून बसलेले असतात, हे कुठल्याही लेन्सपेक्षा जास्त उपयोगी आहे. ऑटोफोकसच्या वेगाची पण फार चिंता करू नका. एवढ्या जवळ तो गोंधळतोच, म्हणून फोकस हातानं लावून ठेवायचा आणि आपणच केसभर पुढं मागं झुलायचं, डोळा शार्प दिसला की बटण.

"एवढे पैसे कशाला, स्वस्तात काही नाही का"

आहे, आणि इथं मी जरा जास्त बोलणार कारण दुकानात हे कोणी सांगत नाही.

तुमच्या घरात चाळीशी लागलेलं माणूस असेलच. पेपर जवळ धरला की दिसत नाही, मग प्लस दोनचा चष्मा लावला की ५० सेंटीमीटरवर स्वच्छ दिसतं. लेन्सला पण चाळीशी लागलेलीच असते, जवळचं दिसत नाही. तिला पण चष्मा लावता येतो, क्लोज-अप फिल्टर म्हणतात, पुढं स्क्रूसारखा फिरवून बसतो. नंबर तोच, चष्म्याचाच. प्लस दोन म्हणजे १००० भागिले २, म्हणजे ५०० मिलीमीटरवर फोकस. प्लस चार म्हणजे २५ सेंटीमीटर. प्लस आठ म्हणजे साडेबारा.

आता गंमत बघा. तुमच्याकडं ५५-२५० किंवा ७०-३०० अशी स्वस्तातली टेलिझूम पडून असेल, लग्नात एकदा वापरली आणि मग कपाटात. ती २५० ला न्या, पुढं प्लस दोनचा चष्मा लावा. किती पट येईल? २५० भागिले ५००, म्हणजे अर्धा, १:२. आणि फुलापासून लांबी किती? अर्धा मीटर! १०० ची महागडी मॅक्रो १:२ ला फुलापासून वीस-बावीस सेंटीमीटरवर येते, आणि ही कपाटातली झूम अर्धा मीटरवरून तेवढाच मोठा फोटो देते. उजेड कमी होत नाही, झूममधला स्टॅबिलायझर चालू राहतो, ऑटोफोकस चालतो. वाटेवर बसून कासची फुलं काढायला ह्याच्याइतकं सोयीचं मला तरी दुसरं सापडलं नाही.

तोटा आहे. अगदी स्वस्तात चार फिल्टरचा सेट मिळतो तो घेऊ नका, एकाच काचेचा असतो, कडांना जांभळी हिरवी झालर येते. दोन काचा चिकटवलेला, ॲक्रोमॅट म्हणतात, तो घ्या. कॅननचा ५००डी हा असाच प्लस दोनचा आहे, नावातला ५०० म्हणजे तेच ५०० मिलीमीटर. त्याच नावाचा कॅमेरा पण होता त्यामुळं दुकानात नीट समजावून सांगा. रेनॉक्सचा २५० प्लस आठचा, तो किड्यांसाठी. आणि लेन्सच्या तोंडाचा व्यास, ५८, ६७ काय असेल तो, झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो, बघून जा.

दुसरा उपाय एक्सटेन्शन ट्यूब. नुसती पोकळ नळी, काच नाहीच, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसते आणि लेन्सला पुढं ढकलते. नळीची लांबी भागिले लेन्सचा आकडा, तेवढा पट वाढतो. ५० च्या लेन्सला २५ ची नळी म्हणजे अर्धा पट जास्त. काच नसल्यामुळं शार्पनेस टिकतो, पण उजेड कमी होतो, लांबचा फोकस जातो, आणि छोट्या लेन्सला लावली की परत फुलाच्या नाकात शिरावं लागतं. घ्यायचीच तर आत सोनेरी टोकं असलेली घ्या, बिनटोकांच्या नळीत नव्या लेन्सचं अॅपर्चर बदलता येत नाही.

लेन्स उलटी बसवायची रिंग पण मिळते, १८-५५ उलटी लावली की एक पटीच्या बऱ्याच वर जाते, अगदी स्वस्तात. मजा म्हणून करा, पण लेन्सचं मागचं तोंड बाहेर उघडं राहतं, कासच्या पावसात ते करू नका.

"मोबाईलनं होत नाही का?"

काही मोबाईलनं होतं. २०२१ च्या आयफोन १३ प्रोपासून अल्ट्रा वाइड कॅमेरा दोन सेंटीमीटरवर फोकस करतो, आता इतर कंपन्यांच्या महाग फोनमध्ये पण ते आलंय. स्वस्त फोनमधला दोन मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा मात्र नुसती कॅमेऱ्यांची संख्या वाढवायला बसवलेला असतो, त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यानं थोडं लांबून काढून फोटो कापलेला बरा. पण मूळ दुखणं तेच, दोन सेंटीमीटर. सावली, पळणारा किडा, पायाखालची रोपं.

तरी तासगावकडचा माझा एक द्राक्षबागायतदार मित्र आहे, त्याला मी मोबाईलला चिमट्यानं लावायची भिंगच घ्यायला लावली. त्याला पानाच्या मागचे थ्रिप्स नावाचे बारीक किडे बघायचे असतात, मिलीमीटर-दीड मिलीमीटरचे, लाल कोळी तर अर्ध्या मिलीमीटरचा, आणि फोटो बागेतूनच सल्लागाराला पाठवायचा असतो. पान तोडून हातात धरता येतं, वाऱ्याचा प्रश्न नाही, सुंदर यायची गरज नाही, ओळखू यायला पाहिजे. त्याला लाखाची लेन्स विकणारा माणूस चोर समजावा.

कंपनीचीच घ्यावी का, आणि जुनी घेतली तर

मॅक्रो लेन्सबद्दल एक बरं आहे, वाईट मॅक्रो लेन्स शोधून सापडत नाही. टॅमरॉनची ९० तर १९७९ पासून वेगवेगळ्या रूपात येतेय, सिग्माची १०५ आहे, टोकिनाची १०० आहे, सगळ्या शार्प आहेत. कॅनन-निकॉन-सोनीच्या नावाला जास्त पैसे मोजता ते शांत वेगवान फोकस, पावसाला तोंड द्यायची बांधणी आणि स्टॅबिलायझर ह्यासाठी, फोटोच्या धारेत फरक शोधायला भिंग लागेल. फक्त माउंट बघा, म्हणजे लेन्सचा खाचा तुमच्या कॅमेऱ्याला बसतो का. नवीन मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याला जुन्या लेन्स अडॅप्टरनं चालतात, आणि मॅक्रोत फोकस हातानंच करायचा असल्यामुळं अडॅप्टरचं दुःख इथं सगळ्यात कमी.

जुनी घेणार असाल तर बुरशी बघा. मी एक ९० ची जुनी घेतली होती, दुकानात दिव्याखाली चकाचक, घरी आणून रात्री आत बॅटरी मारली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. दुकानदार म्हणाला तुमच्या घरातच धरली असेल. एका रात्रीत! तेव्हापासून घेतानाच मोबाईलची बॅटरी मागून मारून पुढून तिरकं बघतो, अॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचा डाग आहे का बघतो, फोकसची रिंग पूर्ण एकदा फिरवतो, कुठं अडकली की हात जोडून बाहेर. आपल्याकडं पावसाळ्यात भिंतींना ओल येते, लेन्सच्या कातडी बॅगेत तर बुरशीची शेतीच होते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल, रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत टाकायचं. तांदळात ठेवू नका, पीठ जातं आत.

भाच्याला शेवटी काय सांगितलं? त्याच्याकडं छोट्या सेन्सरचा कॅमेरा, ५५-२५० पडून, काढायची फुलं आणि फुलपाखरं, कोळ्याच्या डोळ्यात त्याला रस नाही. म्हटलं ह्या सीझनला प्लस दोनचा चष्मा घे, ऑक्टोबरपर्यंत काढ, आणि प्रत्येक वेळी बघ तुला पुढं जावंसं वाटतंय का मागं. पुढं जावंसं वाटलं तर दिवाळीत जुनी ९० शोधू, बॅटरी घेऊन मी येतो बरोबर.

परवा फोटो पाठवलाय त्यानं, कवल्याची दोन फुलं, मागं सगळं हिरवं. फोकस मात्र मागच्या गवतावर.